सैल नेफा

गेल्या एप्रिलमध्ये आई वर्ध्याहून माझ्याकडे बडोद्याला राहायला आली, तेव्हा तिच्या ट्रंकेत सात साड्या होत्या आणि अकरा परकर. साड्यांपेक्षा परकर जास्त कसे, हे मी विचारलं नाही, कारण मला ते ठाऊक होतं. वर्ध्याच्या उन्हाळ्यात दिवसातून दोनदा परकर बदलणारी ती बाई. घामानं ओला झालेला परकर अंगावर ठेवायचा म्हटलं की तिच्या कपाळाला आठी पडायची. पांढरे, बदामी, दोन लाल, एक मोरपंखी. सगळे पॉपलिनचे, सगळे सहा कळ्यांचे आणि सगळे तिनं स्वतः शिवलेले.

आमच्या गच्चीतल्या दोरीवर ते वाळत असायचे. उन्हानं रंग उडू नये म्हणून ती कपडे नेहमी उलटे करून घालते. एका दुपारी मी ते काढायला गेले तर बदामी परकराच्या नेफ्यावर, उजव्या बाजूला, रुपयाएवढा पिवळट-तांबूस डाग दिसला. मग पांढरा पाहिला. त्यावरही तिथंच. मोरपंखी पाहिला. तिथंच. धुऊनही न गेलेला, एकाच जागेचा डाग.

"हे काय गं?" मी विचारलं.

"उष्णता झाली," आई म्हणाली. "तू काहून परकर तपासून राहिली?"

आईला कंबर दाखवायला लावणं सोपं नव्हतं. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, तिनं मला आंघोळ घातली आहे, माझी दोन बाळंतपणं केली आहेत, पण तिचं अंग मी कधी पाहिलेलं नाही. शेवटी चार दिवसांनी, खोलीचं दार लावून, पंख्याखाली उभी राहून तिनं साडी थोडी सैल केली. कमरेभोवती बोटभर रुंदीचा काळपट पट्टा होता. नवं काही नाही, आमच्या घरातल्या सगळ्या बायकांना तो आहे. पण उजव्या कुशीला, जिथं ती गाठ मारायची, तिथली कातडी जाड, खरखरीत झाली होती आणि मधोमध एक उघडी जखम होती. कडा उचललेल्या.

"कधीपासून?"

"दिवाळीच्या आधीपासून असंन. भरते, पुन्हा उघडते. हळद लावते मी."

दिवाळी होऊन सहा महिने झाले होते.

त्वचेच्या डॉक्टर तरुण होत्या. त्या आईला 'बा' म्हणाल्या, इकडच्या रीतीनं, आणि तिथंच आई थोडी निवळली. त्यांनी बराच वेळ जखम पाहिली, मग विचारलं, "बा, नाडी किती घट्ट बांधता?"

"जशी बांधायची तशी," आई म्हणाली.

डॉक्टरांनी मला नीट समजावून सांगितलं. एकाच जागी रोज नाडी रुतते. घाम येतो, कातडी घासली जाते, काळी पडते, सोलवटते. ती भरून यायच्या आत दुसऱ्या दिवशी नाडी पुन्हा तिथंच बसते. बहुतेक बायकांचं काळ्या डागावर आणि खाजेवर भागतं. पण वर्षानुवर्षं न भरणाऱ्या जखमेतून क्वचित कधी कर्करोग होऊ शकतो, म्हणून तुकडा काढून तपासायला हवा. हे ऐकताना आई भिंतीवरचं कॅलेंडर बघत होती.

घरी आल्यावर रात्री मी शोधलं तेव्हा कळलं की डॉक्टरांनी घाबरवण्यासाठी काही सांगितलं नव्हतं. २०२४ साली 'बीएमजे केस रिपोर्ट्स' या वैद्यकीय नियतकालिकात अशा दोन स्त्रियांची हकिकत छापून आली आहे. एक सत्तर वर्षांची, दुसरी साठी उलटलेली. पहिलीची नाडी परकराची होती. दुसरी परकर न घालता लुगडं थेट कमरेला कसून बांधणारी. दोघींच्या जखमांचा कर्करोग झाला होता. ही हकिकत लिहिणारे डॉक्टर बिहारमधल्या मधुबनीचे आणि वर्ध्याचे. वर्ध्याचे! आईच्या गावाचं नाव वाचून मी मोबाईल पालथा ठेवला.

तुकडा तपासायला गेला. अहवाल यायला आठ दिवस लागणार होते. तोवर आणि जखम भरेपर्यंत त्या जागी काहीही बांधायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"मग घालू काय?" आईनं विचारलं.

"गाऊन घाल. सगळ्याच घालतात."

"सगळ्या घालतात म्हणून मी घालू? दारात दूधवाला आला, का गाऊनवर जाऊ? ते झोपायचं आहे."

हा वाद आमच्यात वीस वर्षं जुना आहे आणि तो मी कधीच जिंकलेला नाही. पहिले दोन दिवस तिनं माझा एक ढगळ कुडता घातला आणि त्याखाली काही न बांधता चादर गुंडाळून ती खोलीत बसून राहिली. बाहेर बेचाळीस अंश. कूलरचं पाणी दोनदा भरावं लागत होतं. जेवायलासुद्धा ती खोलीबाहेर येईना. अहवालाची भीती तिला होती की चादरीची लाज, मला सांगता येणार नाही. मलाच बसवेना, म्हणून मी सासूबाईंचं जुनं पायमशीन माळ्याखालच्या कोपऱ्यातून ओढून काढलं. पट्टा सैल झाला होता, तो कापून जोडला, तेल घातलं, अकरा नंबरची बारीक सुई लावली. ठरवलं, आईला स्कर्ट शिवायचा.

'स्कर्ट' हा शब्द मी तिच्यासमोर उच्चारला नाही. मी म्हटलं, "परकर शिवते, वरून घालायचा." तसं पाहिलं तर ते खोटंही नव्हतं. आमच्या भाषेत परकर हा मुळात आत दडवायचा कपडा नाहीच. लहान मुली परकर-पोलकं घालून गावभर हिंडायच्या. आईचा शाळेतला एक फोटो आहे, त्यात ती खणाचा परकर घालून, हातात टकळी धरून उभी आहे. तेलुगूत लंगा, तमिळमध्ये पावाडै, इथं गुजरातीत चणियो. देशभर मुलींना हा कपडा उघड्यावर घालता येतो. मग एक दिवस मुलगी मोठी होते, परकर साडीखाली जातो आणि त्याचा घेर कमी होऊन नाडी मात्र घट्ट होते.

पहिला स्कर्ट मी सरळ हिशोबानं केला. मंगळबाजारातून सव्वादोन मीटर मलमल आणली, फिकट निळी, पन्हा ४४ इंच. आधी रात्रभर पाण्यात भिजवली, कारण सुती कापड आटतं आणि शिवल्यावर आटलं तर नेफाच पहिल्यांदा आवळतो. मग चाळीस-चाळीस इंचांचे दोन तुकडे, दोन्ही बाजूंना टीप, खाली दुमड, वर नेफा, त्यात पाऊण इंचाचं इलॅस्टिक. कळ्या नाहीत, बेतण्याचं डोकं लावायचं नाही. घेर ८६ इंच भरला. मांडी घालून बसणाऱ्या बाईला एवढा लागतोच. त्याहून कमी केला तर गुडघ्यांवर कापड ताणतं आणि तो ताण सरळ कमरेला जातो.

दोन तासांत स्कर्ट झाला. मी खूश. आईनं घातला, आरशात पाहिलं आणि म्हणाली, "टोपलं दिसून राहिलं." पोटावर सगळ्या चुण्या गोळा झाल्या होत्या. ते मी हसण्यावारी नेलं. पण संध्याकाळी तिनं कुडता वर करून दाखवलं, तर इलॅस्टिकच्या रेघा कमरेवर उमटल्या होत्या, अगदी त्याच काळ्या पट्ट्यावर. शिवाय इलॅस्टिक नेफ्यात पीळ खाऊन दोरीसारखं झालं होतं. नाडी काढून मी तिथं दुसरी नाडीच घातली होती.

त्या रात्री मी स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला. आईचा पॉपलिनचा परकर ठेवला : अडीचशे ग्रॅम. तिची नेहमीची सुती साडी ठेवली : पाचशेला थोडी कमी. म्हणजे पाऊण किलोचं ओझं, त्यात निऱ्या खोचल्यावर चालताना बसणारे हिसके, आणि हे सगळं धरून ठेवणार कोण, तर अर्ध्या बोटाच्या रुंदीची एक नाडी. भाजीच्या पातळ पिशवीचे बंद बोटांत रुततात आणि तेच ओझं कापडी झोळीच्या रुंद पट्ट्यानं खांद्यावर घेतलं तर जाणवत नाही, हे रोज बाजारातून येताना मला कळत होतं. कमरेच्या बाबतीत मात्र कधी डोक्यात आलं नव्हतं. नेफा दोन इंचांचा केला तरी उपयोग नाही. आतली नाडी अर्धा बोट असेल तर रुतते ती नाडीच.

आपल्याकडे काम सुरू करायचं म्हणजे कंबर कसायची. हा वाक्प्रचार मी शाळेत वाक्यात उपयोग करून दाखवला आहे. कसलेल्या कमरेचं पुढं काय होतं, ते कुणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आई आपणहून मशीनपाशी येऊन बसली. मी बेतत होते ते तिला बघवेना.

"ते वजन कमरेवर काहून ठेवतेस? खाली घे," ती म्हणाली. "लहान पोरींच्या परकराला आम्ही बॉडी लावत होतो. खांद्यावर राहायचा तो. पोरीला कंबर कुठं असते?"

अगदी बरोबर होतं. लहान मुलीच्या परकराला वर बिनबाह्यांची चोळी जोडतात, कारण तिच्या कमरेवर तो टिकत नाही. म्हाताऱ्या बाईच्या खांद्यावर तो टांगायची गरज नाही, पण कुल्ल्यांवर टेकवता येतो. आम्ही दोघींनी मिळून ठरवलं ते असं. कमरेच्या काळ्या पट्ट्याच्या दोन बोटं खालून सुरुवात करायची. तिथं पाच इंच रुंद, दुहेरी कापडाची पट्टी, पुढून आणि दोन्ही कुशींना सपाट, कुठंही चुण्या नाहीत. इलॅस्टिक फक्त पाठीच्या मधल्या भागात, तेही दीड इंच रुंद, मऊ आणि जेमतेम ताणलेलं. ते पिळू नये म्हणून दोन्ही टोकांना आणि मध्ये एकदा अशी उभी टीप मारायची. मग या पट्टीला खालचा घेर जोडायचा, म्हणजे चुण्या पोटावर न येता पाच इंच खाली येतात आणि टोपलं होत नाही. लांबी घोट्याच्या तीन बोटं वर. या वयात पायात कापड अडकून पडली तर कर्करोगाची वाट बघायला नको, असं आईच म्हणाली. तो शब्द तिनं उच्चारला ते पहिल्यांदा. मग आम्ही दोघी काही वेळ काही बोललो नाही.

आणि खिसा. तो माझा हट्ट होता. उजवी कुस दुखरी, म्हणून डाव्या शिवणीत, पण खिशाचा वरचा काठ पट्टीत धरलेला, म्हणजे मोबाईल टाकला तरी वजनानं स्कर्ट एका बाजूला ओघळत नाही. आईनं जन्मभर पैसे कमरेला खोचले आणि रुमाल पोलक्यात. "खिशाचं मी काय करू?" असं ती म्हणाली खरी.

कापडाचा प्रश्न मात्र राहिला. निळ्या मलमलचे चुण्यांचे तुकडे पुरत नव्हते. मी म्हटलं, "तुझी एखादी जुनी साडी घेऊ या. सुती, मऊ झालेली." आईचा चेहरा बदलला.

"साडीला कात्री लावायची नाही."

"गोधडीला लावतेसच की."

"गोधडीची साडी फाटलेली असते. नेसती साडी कापत नाहीत."

मी विषय सोडला. अहवाल यायला तीन दिवस होते आणि भांडायची ताकद नव्हती.

त्या दिवशी दुपारी वीज गेली. बडोद्याच्या मे महिन्यात दुपारी वीज जाणं म्हणजे घरानं श्वास धरून ठेवणं. आम्ही दोघी फरशीवर पाणी शिंपडून आडव्या पडलो होतो. बोलायचं म्हणून मी विचारलं, "तू एवढी घट्ट का बांधायचीस गं? माझीसुद्धा बांधायचीस. कॉलेजच्या गॅदरिंगला साडी नेसवलीस तेव्हा मला नाटकाचे संवाद म्हणताना श्वास पुरला नव्हता."

ती बराच वेळ गप्प होती. मला वाटलं झोप लागली. मग छताकडं बघत बोलली.

लग्न होऊन दोन महिने झाले होते. वाड्यातली विहीर अंगणापलीकडं. डोक्यावर कळशी, कमरेवर तांब्याची घागर घेऊन ती येत होती. ओसरीवर सासरे, दोन दीर आणि तालुक्याहून आलेले कुणी पाहुणे बसलेले. अंगणाच्या मध्यावर नाडी तुटली.

"कळलं मला. खालून सगळं सैल झालं. दोन हात, आणि दोन्ही गुंतलेले," आई म्हणाली. "घागर सोडली मी. कळशीबी गेली. साडी धरली आणि खालीच बसली."

"मग?"

"मग काय. घागरीला पोचा आला. सासूबाईंनी तो पोचा दहा वर्षं दाखवला. येईल त्याला. 'आमच्या सूनबाईनं पाडली.' का पाडली, ते त्यांनाबी माहीत होतं, मलाबी. त्याचं कोणी बोललं नाही."

तिचं वय तेव्हा वीस होतं. त्या दिवसापासून तिनं नाडी दुहेरी घातली, तीन गाठी मारल्या आणि गाठ अशी आवळली की हातानं चाचपली तरी कळावी. चोपन्न वर्षं. नाडी तुटली ती एकदाच. मी आजवर समजत होते की घट्ट बांधणं ही तिची शिस्त आहे, टापटीप आहे. मला आवळून बांधताना ती माझा श्वास का मोजत नव्हती, ते त्या उकाड्यात मला कळलं. तिला माझ्या अंगणातले पाहुणे दिसत होते.

वीज आली. पंखा फिरला. आई उठली, ट्रंक उघडली आणि एक साडी काढून माझ्यापुढं ठेवली. राखाडी रंगाची, जांभळ्या काठाची, सुती, धुऊन धुऊन पिठासारखी मऊ झालेली. बाबांनी नागपूरहून आणलेली. मी ती ओळखली. दहावीच्या निकालाला आई तीच नेसली होती.

"ही?"

"ही मऊ आहे."

मी कात्री घेतली तर तिनं हात धरला. "कात्री लावू नको. फाड. सुती कापड धाग्यानं सरळ फाटते, कात्री वाकडी जाते." तिनं काठावर दातानं बारीकसा चीर पाडला, दोन्ही मुठींत कापड धरलं आणि ओढलं. जुन्या साडीचा तो आवाज अख्ख्या घरात भरला. माझा मुलगा आतून धावत आला. आईनं त्याला सांगितलं, "काही नाही, आजीचा परकर होऊन राहिला."

साडे पाच मीटरची साडी. तिच्यातून सव्वादोन मीटर घेराला. पदरासकट दोन मीटर ओढणी म्हणून राहिली, कारण खांद्यावर काही नसलं तर आईला उघडं वाटतं. उरलेल्या सव्वा मीटरचं सैल, लांब पोलकं. साडीचा पन्हा ४५ इंच. तो आडवा न घेता उभा घेतला, म्हणजे खालचा जांभळा काठच स्कर्टचा काठ झाला आणि दुमड घालायची गरजच उरली नाही. वरून चौदा इंचांची पट्टी निघाली, तिची कमरेची दुहेरी पट्टी झाली. कापडाची चिंधीसुद्धा वाया गेली नाही. चुण्यांसाठी मी मशीनवर सैल टीप मारायला निघाले तर आईनं सुई-दोरा मागितला. धावदोरे हातानंच घालायचे, म्हणजे चुण्या आपल्याला हव्या तिथं सरकवता येतात. तिनं चष्मा लावून सव्वादोन मीटर कापडावर दोन समांतर धावदोरे घातले. पुढं विरळ, मागं दाट. मी फक्त शिवण मारली.

गांधीजींनी १९२४ साली यंत्रांविषयी बोलताना सिंगरच्या शिवणयंत्राला अपवाद मानलं होतं. बायको हातानं टाके घालताना शिणते हे पाहून ते बनवलं, त्या यंत्रामागं प्रेम आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. आई सेवाग्रामच्या वाटेवरच्या शाळेत शिकलेली, तिला ही गोष्ट लहानपणापासून माहीत. मशीनवर बोट ठेवून ती म्हणाली, "बायकोसाठी मशीन काढलं, चांगलं केलं. नाडीसाठीबी कोणी काही काढलं असतं."

तयार झालेला स्कर्ट मी काट्यावर ठेवला. दोनशे ग्रॅमला कमीच. आणि त्याचं ओझं अर्ध्या बोटावर नाही, पाच इंचांवर.

तो घालून आई खोलीबाहेर आली. ओढणीचा पदर डोक्यावरून नाही, खांद्यावरून. स्वयंपाकघरात गेली, ओट्याशी उभी राहिली, मग फरशीवर मांडी घालून बसून पाहिलं, उठून पाहिलं. शेजारच्या बेन दारात आल्या आणि म्हणाल्या, "अरे बा, चणियो तो बहु सरस!" आई लाजली. नंतर मला हळूच विचारलं, "खरंच चांगला दिसते, का उगाच?" मी म्हटलं, चांगला दिसतो. तिनं खिशात हात घातला आणि थोडा वेळ तसाच ठेवला.

अहवाल आणायला मी एकटीच गेले. पाकीट रिक्षातच उघडलं. कर्करोग नव्हता. जुनी, चिवट, सतत घासली जाऊन न भरलेली जखम. डॉक्टरांनी मलम दिलं, सहा आठवडे त्या जागी काही येऊ देऊ नका, नाही भरली तर पुन्हा या, असं सांगितलं. मी स्कर्टचं वर्णन केलं तर त्यांनी पट्टीची रुंदी विचारली आणि कागदावर लिहून घेतली. "माझ्या आईसाठी," त्या म्हणाल्या.

जखम जूनच्या अखेरीस भरली. तिथं आता फिकट गुलाबी डाग आहे. काळा पट्टा गेला नाही, जाणारही नाही. आता मी आठवण ठेवून दर महिन्याला बघते आणि आई कुरकुरत का होईना, दाखवते. माझ्याही कमरेवर तशीच रेघ आहे, सलवारीच्या नाडीची. ती मी त्या आठ दिवसांत पहिल्यांदा नीट पाहिली. पन्नाशी उलटेपर्यंत स्वतःची कंबर आरशात पाहायची वेळ आली नव्हती. आता माझ्यासाठीही तीन स्कर्ट आहेत. घरात उन्हाळाभर तेच.

साडी आईनं सोडलेली नाही. लग्नाकार्याला ती नेसतेच आणि नेसावीही. दोष साडीचा नव्हता. तिच्या अकरा परकरांतले चार आम्ही ठेवले. नाडी काढून त्यांना तीन इंचांचा पट्टा लावला आणि पुढं दोन हूक, दोन मापांवर, म्हणजे जेवल्यावर सैल करता येतो. बाकीच्या सातांच्या उशीच्या खोळी झाल्या. मोरपंखी खोळ माझ्या मुलानं पळवली.

पावसाळ्याच्या तोंडाला एक दिवस मी पाहिलं, आई राखाडी स्कर्ट मांडीवर घेऊन काहीतरी करत होती. पट्टीच्या पुढच्या बाजूला तिनं शेजारी शेजारी दोन बारीक काजं केली होती, हातानं, एकसारख्या टाक्यांची. त्यांतून एक पांढरी नाडी ओवून बाहेर काढली होती, दोन-दोन वीत.

"हे कशाला? इलॅस्टिक आहे ना पाठीला."

"आहे ना."

"मग ही नाडी काय धरते?"

तिनं स्कर्ट घातला, नाडीची सैलसर फूलगाठ मारली आणि आत बोट घालून मला दाखवलं. बोट सहज जात होतं. दोन बोटं गेली असती.

"काही नाही धरत," ती म्हणाली. "असू दे."